पटकीची पेटी

ती घटना आजही आठवते, ती एका चोरीला न गेलेल्या घड्याळामुळे. चोराने काय नेलं हे प्रत्येक फिर्यादी सांगतो. त्या दिवशी मात्र चोराने काय ठेवलं, यानेच माझं डोकं फिरवलं.

मी तेव्हा मालेगावला ठाणेदार होतो. वैशाख चालू होता. ऊन असं की कावळ्यांनी उडणं सोडून एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली पायी जाणं धरलं होतं. मी स्वतः पाहिलं आहे, आणि पोलिसाने पाहिलेलं पुराव्यात धरतात. त्यातच किन्हीराजाकडच्या गावांत पटकी शिरली. जुलाब-उलटी सुरू झाली की सकाळी नांगर धरणारा माणूस संध्याकाळी तिरडीवर जायचा. पोहरादेवीच्या जत्रेत दवाखाना मांडून बसलेला एक डॉक्टर आणि त्याचा कंपाउंडर जत्रा आटोपून तसेच बंडी जुंपून या भागात आले होते. दोघेही परमुलखातले, बोलणं पुस्तकातलं. विहिरींत लाल दवाई टाकायची, आजाऱ्यांना तपासायचं, आणि फार सुकलेल्याच्या शिरेत सुईने मिठाचं पाणी सोडायचं, असं त्यांचं काम.

बुधवारी सकाळी मी रोजनामचा लिहीत होतो, तोच डॉक्टर सायकल ढकलत ठाण्यात आला. दोन्ही चाकांत बाभळीचे इतके काटे की साळिंदरच धरून आणल्यासारखं वाटलं. त्याची फिर्याद थोडक्यात अशी: काल, मंगळवारी दुपारी, दोघे विहिरींवर गेले असताना, ते उतरले होते त्या गावच्या चावडीतून दवाईची लाकडी पेटी गेली. सुया, रबरी नळ्या, बाटल्या, मिठाच्या पुड्या, सगळं तिच्यात. शेजारीच खुंटीला कंपाउंडरचं चांदीचं घड्याळ होतं, ते तसंच टिकटिकत राहिलं. आणि आज पहाटेपासून गावातली एक सून पडली आहे. तोंडावाटे दिलेलं पाणी पोटात राहत नाही. दिवस मावळेपर्यंत पेटी मिळाली नाही तर ती उद्याचा दिवस पाहत नाही, असं तो म्हणाला.

घड्याळ सोडून सुया नेणारा चोर मी जन्मात पाहिला नव्हता. डॉक्टर मिळेल त्या बंडीने पुढे, मी घोड्यावर आणि हवालदार डॉक्टरची सायकल दुरुस्त करण्याच्या निमित्ताने मागून, असे आम्ही निघालो. माझा घोडा सरकारी होता. म्हणजे कागदावर चार पायांचा, रस्त्यावर अडीच.

पोलिसाचा संशय आधी घरच्या माणसावर. मी कंपाउंडरला चावडीत बसवून तासभर घासलं. दवाई कुणाला दिली, कुणाशी संगनमत आहे, सगळं विचारलं. बिचारा रडकुंडीला आला. पेटी आपण स्वतः रंगवली, तिच्यावर वळणदार अक्षर काढलं, ती आपण कशी चोरू, असंच परत परत म्हणत राहिला. त्या अक्षरात काय लिहिलं होतं, हे मी विचारलं नाही. पुढे ते मला महागात पडलं.

मग गावाकडे वळलो. पोलीस पाटलापासून कोतवालापर्यंत प्रत्येकाला एकच प्रश्न केला, पेटी कोणं नेली? आणि प्रत्येकाने माझ्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, कोणंच नाई नेली. माझा अनुभव असा की खोटं बोलणारा माणूस पायाच्या अंगठ्याने माती उकरतो. इथे साऱ्या गावात माती जागची हलली नाही. अख्खं गाव खरं बोलत होतं आणि पेटी नव्हती.

टीप मिळाली ती वेशीजवळ. एक धनगर शेळ्यांना पाणी दाखवत होता. माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी.

"साहेब, यंदा मरीमायचा गाडा लय जड होता. दोघं जण लोटून राह्यले, तरी चाक रुतत होतं," तो सहज म्हणाला.

वाचकांना सांगायला हवं. पटकी आली की मरीमाय कोपली म्हणायचे. मग लहानसा लाकडी गाडा करून त्यावर लिंबू, हिरव्या बांगड्या, खण ठेवायचे, आणि देवीला, तिच्या रोगासकट, गावच्या शिवेपार सोडून यायचे. पुढच्या गावाने तो पाहिला की तेही पुढच्या शिवेवर लोटायचे. हा गाडा एका हाताने ओढता येईल एवढा हलका असतो. लिंबाला दोन गडी कशाला लागतील?

गाड्यापुढे, धनगराच्या सांगण्याप्रमाणे, हळदकुंकवाचं ताट घेऊन चालली होती गावातली एक जाणती म्हातारी. तिच्या घरी गेलो तर आजारी सून तिचीच. आत डॉक्टर चमच्याने पाणी पाजत होता, बाहेर म्हातारी उंबऱ्याला टेकून बसली होती. मी आवाज चढवला नाही. खरं सांगायचं तर तिच्यासमोर तो चढलाच नाही.

"आजी, पेटी गाड्यावर ठेवली?"

"ठेवली."

"मग मघा नाई काहून म्हणलं?"

"तुमी इचारलं, कोणं नेली. नेली कोणं? पोचोली. मानानं पोचोली, बापू. कुकू लावून."

"पण कायले?"

म्हातारीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझ्या टोपीची लाज वाटली. "तिच्यावर लेहेलं होतं ना. पाटलाच्या पोरीनं वाचून दाखोलं. पटकीची पेटी, हात लावू नये. त्या डाक्तरानं पटकी पेटीत भरून आणली अन् आमच्या चावडीत ठेवली, तं आमी काय तिले इथंच राहू द्यावं?"

आतला चमचा थांबला. कंपाउंडर दाराशी उभा होता. पटकीची पेटी, म्हणजे पटकीवरच्या दवाईची. त्याच्या लेखी अर्थ स्वच्छ होता. गावाच्या लेखीही तितकाच स्वच्छ होता. दाण्याच्या कणगीत दाणे असतात, पिठाच्या डब्यात पीठ असतं, तर पटकीच्या पेटीत काय असणार?

मी म्हटलं, "आजी, खोकल्याची गोळी खाल्ली तं खोकला होते का?"

तिने मानेनेच नाही म्हटलं.

"अन् पटकी त्या पेटीतच होती, तं पेटी काल गेली. मंग आज तुया सुनेले कुठून झाली?"

तिने आतल्या खाटेकडे पाहिलं. मग उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चाल. कुठं गेली ते मले ठाऊक आहे."

ती बंडीत, मी घोड्यावर, हवालदार मागून सायकलवर. पहिल्या शिवेवर नुसती चाकोरी दिसली, दुसऱ्या शिवेवर दोन फुटलेल्या बांगड्या. तिसऱ्या शिवेवर कोरडा नाला होता, आणि नाल्याच्या मधोमध गाडा. या काठाचं गाव लांब बांबूने तो पलीकडे लोटत होतं, त्या काठाचं गाव तसल्याच बांबूने अलीकडे. सकाळपासून गाडा इतका मागेपुढे झाला होता की नाल्यात रेल्वेचे रूळ पडल्यासारखे दिसत होते.

मी हुकूम दिला, पेटी उचला. दोन्ही काठांनी एकमेकांकडे बोट केलं. हवालदाराकडे पाहिलं. दरोडेखोराच्या अंगावर झेप घेणारा तो गडी, त्याची कंबर नेमकी त्याच क्षणी धरली. मग मीच पुढे झालो. आता म्हातारपणी खोटं कशाला लिहू? हात पेटीपर्यंत गेला आणि वीतभर अलीकडे थांबला. मी सगळं जाणत होतो, तरी थांबला.

म्हातारीने मला बाजूला केलं. गाड्यापुढे हात जोडले. "माय, तू तुयी जाय. मी दवाई घेऊन चालली," एवढंच म्हणाली आणि पेटी डोक्यावर घेतली. नाल्याच्या दोन्ही काठांवरची माणसं तिला वाट देत मागे सरकली.

आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. डॉक्टरने पाणी उकळून आधीच निववत ठेवलं होतं. सुई घातली तेव्हा सुनेचा हात म्हातारीने धरला. एक बाटली गेली, दुसरी लागली. दिवस टेकायच्या सुमारास सुनेने डोळे उघडले आणि सासूला विचारलं, "आत्याबाई, म्हशीले पाणी दाखोलं का?" म्हातारी म्हणाली, "तू आधी तुयं पी." मग तोंडाला पदर लावून ती अंगणात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरसमोर गावाची रांग लागली. माझ्यापुढे मात्र अहवालाचा कोरा कागद. माल मिळाला, पंचनामा झाला, आरोपीच्या रकान्यात कुणाचं नाव लिहू? गावाचं लिहावं तर तुरुंगाला कोट वाढवावा लागला असता. शेवटी 'गैरसमज' असा शेरा मारला. वरिष्ठांनी विचारलं, हा गैरसमज कुठे राहतो, त्याला हजर करा. मी कळवलं, लिहिणाऱ्याकडे आणि वाचणाऱ्याकडे, दोन्हीकडे राहतो.

या गुन्ह्याने, गुन्हा म्हणावा तर, मला एक गोष्ट शिकवली. तोवरची सगळी नोकरी मी 'कोण' विचारण्यात घालवली होती. 'कोण' विचारलं की माणसं दार लावून घेतात. 'कायले', म्हणजे कशासाठी, विचारलं की तीच माणसं बसायला घोंगडी टाकतात. त्या दिवशी मी तो प्रश्न सकाळी विचारला असता तर त्या सुनेचे अर्ध्या दिवसाचे हाल वाचले असते. ती वाचली, हे तिच्या सासूचं काम. उशीर झाला, तो माझा.