विहाराबाहेरच्या चपला

दत्तगुरूंची सेवा करता करता मी एका बाईवर जळत होते, हे लिहायला हात धजत नाही. वयाची साठी उलटली, आयुष्यभर शाळेत शिकवलं, रोजची पूजा चुकवली नाही, आणि तरी मनात हे असलं काहीतरी पाळून ठेवलं होतं. आपली भक्ती खरी आहे का, अशी शंका त्या काळात मला फार छळायची. अनुभव सांगायचा तर तिथूनच सांगावा लागेल.

परभणीत मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या वस्तीजवळ माझं घर आहे. निवृत्त झाल्यावर मी दत्तमंदिराच्या सभामंडपात संध्याकाळी दोन तास मुलींचा वर्ग घ्यायला लागले. बाप मोंढ्यात हमाल, आई चार घरची धुणीभांडी करणारी आणि सगळ्यांना मिळून एक खोली, अशा घरातल्या पोरी सातवी-आठवीला आल्या की गुपचूप शाळेतून गळतात. कुणी धाकट्या भावंडांसाठी घरी राहते, कुणी आईच्या बदली कामाला जाते. त्या गळू नयेत म्हणून माझी धडपड होती. पाच-सहा वर्षं वर्ग चांगला चालला आणि वस्तीत माझं नाव झालं. ते मला आवडत होतं, हेही सांगून टाकते.

मग पलीकडच्या गल्लीतल्या बुद्धविहारात वच्छलाबाई पोरींना घेऊन बसायला लागली. शाळेत खिचडी शिजवणारी बाई, स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. अपूर्णांकांची बेरीज तिला येत नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी माझ्या पोरी एकेक करून तिकडे जायला लागल्या. माझ्या पोटात दुखायला लागलं. भाजी आणायला मी मुद्दाम विहारावरून जायची आणि दाराबाहेरच्या चपला मोजायची. कधी अठरा, कधी बावीस जोड. माझ्याकडे त्या वेळी नऊ पोरी येत होत्या. ती पोरींना खिचडी जास्त वाढत असेल, म्हणून जात असतील, असंही मी एकदा शेजारणीला म्हणाले. पुढे मनीषासुद्धा तिकडे जायला लागली, तेव्हा तर मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मनीषा किसन हमालाची धाकटी, दहावीला होती. भूमितीचं प्रमेय फळ्यावर मी अर्धं लिहीपर्यंत ती वहीत पूर्ण करायची. तीस वर्षांत मला अशी पोरगी मिळाली नव्हती.

त्या वर्षी दत्तजयंतीच्या आधी मी घरी पोथीचं सात दिवसांचं पारायण धरलं. त्याचे नियम कडक असतात. एकदा आसनावर बसलं की त्या दिवसाचं वाचन होईपर्यंत उठायचं नाही आणि कुणाशी बोलायचं नाही. पाचव्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास दारात कुणीतरी उभं राहिलं. मी तिरक्या नजरेने पाहिलं, मनीषा होती. "बाई," तिने हळूच हाक मारली. मी मान वर केली नाही. खुणेने तिला बसवता आलं असतं, पाटी पुढे सरकवून लिही म्हणता आलं असतं. पण मनात आलं, आता आठवण झाली का माझी? जा तुझ्या वच्छलाबाईकडे. मी हात हलवला, तो जा म्हणूनच. ती बराच वेळ उभी राहिली आणि मग निघून गेली. मला बरं वाटलं. देवासमोर बसून, पोथी उघडी ठेवून, मला बरं वाटलं.

त्यानंतर वाचन काही पुढे सरकेना. एकच ओवी मी तीनदा वाचली आणि तिचा अर्थ मनापर्यंत पोचला नाही. डोळे अक्षरांवर होते, लक्ष दाराकडे होतं. असा तासभर गेला असेल, आणि दारात वच्छलाबाई येऊन उभ्या राहिल्या. त्या माझ्या घरी पहिल्यांदाच येत होत्या. उंबऱ्याच्या बाहेर थांबूनच त्यांनी हात जोडले.

"बाई, पोथी चालू असली की उठायचं नसतंय, ठावं हाय मला. तुमी उठू नका, नुस्तं ऐका. मनीषाला हैदराबादला न्यायलेत. थोरल्या बहिणीचं बाळंतपण हाय. साडेनऊची गाडी हाय. किसनभाऊ माझं ऐकनात. लहानपणी ते तुमच्या हाताखाली शिकलेत, तुमचं ऐकतील. म्हणून सकाळी मीच पोरीला तुमच्याकडं धाडली होती. ती म्हणली, बाईंनी हातानं जा म्हणलं. एवढी चिठ्ठी लिहून द्या, मी पळत घेऊन जाते."

बाळंतपणाला गेलेली पोरगी परत शाळेत येत नाही, हे मी माझ्या नोकरीत किती वेळा पाहिलं होतं! चार महिने म्हणून जाते, तिथेच कामाला लागते आणि वर्षभरात तिच्या लग्नाची पत्रिका येते. दहावीची परीक्षा अडीच महिन्यांवर होती. चिठ्ठी लिहिली असती तर नियम मोडला नसता आणि मदत केल्याचंही पुण्य मिळालं असतं. पण वच्छलाबाई उंबऱ्याबाहेर घामाघूम उभ्या होत्या आणि मी सोवळ्यात बसून त्यांच्यावर जळत होते. मला माझीच इतकी लाज वाटली की मी पोथीला नमस्कार केला आणि तशीच उठले. "देवा, तुझं तू बघ," एवढंच मनात म्हणाले.

स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी नुकतीच सुटली होती. मी तिथल्या बाकावर बसले. माझ्या एका हात हलवण्याने पोरीचा तासभर वेळ गेला होता, आणि तो परत मिळणार नव्हता. इतक्यात पांढऱ्या दाढीचे एक रिक्षावाले चाचा जवळ आले. आम्ही दोघींनी काही विचारलंही नव्हतं. "गाडी आगे पिंगळी पे खडी रहती अम्मा, पटरी का काम चालू है. बैठो, मैं लेके चलता," म्हणाले. आम्ही बसलो. वाटेत वच्छलाबाई मुठी आवळून रस्त्याकडे बघत होत्या आणि मी दत्तगुरूंचं नाव घेत होते. पिंगळीच्या स्टेशनात शिरलो तर गाडी खरंच उभी होती.

खिडकीतून मनीषा आधी दिसली. रडून तिचे डोळे सुजले होते. किसन मला बघून गडबडीने उठला आणि दारात आला. "बाई, तुमी कामून आलाव?" मी त्याला खूप बोलले. पोरगी किती हुशार आहे, दहावीनंतर काय काय होऊ शकतं, तू स्वतः सातवीत शाळा सोडलीस ते आठव, सगळं बोलले. त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं, लहानपणी घ्यायचा तसंच. मग म्हणाला, "बाई, तुमचं सगळं बरोबर हाय. पर थोरली तिथं एकली हाय. जावई दिसभर बांधकामावर. हिच्या आईनं चार घरची कामं सोडली तर पुन्हा कोण ठिवून घेईल? तुमीच सांगा, बाळंतिणीपाशी कुणाला बसवू?"

मी बी.एड. होते, तीस वर्षं वर्गावर उभी राहिले होते, आणि तरी परीक्षा किती जवळ आली आहे, एवढंच पुन्हा सांगू लागले.

"मी जाते," वच्छलाबाई म्हणाल्या.

आम्हाला दोघांनाही आधी कळलंच नाही. त्यांनी पदर खोचला आणि दांडा धरून त्या डब्यात चढल्यासुद्धा. "चार बाळंतपणं केलीत मी या हातानं. हिला काय येतंय? साधी खिमटी करता येत न्हाई. उतर गं, मनीषा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, शाळंतल्या खिचडीचं माझ्या जावंला सांगा, ती बघंल. घरी निरोप द्या. अन् विहारातल्या पोरी आता तुमच्याकडं. सांभाळा." अंगावरचं लुगडं सोडलं तर त्यांच्यापाशी काही नव्हतं. किसन दारातच मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मनीषा दप्तर घेऊन उतरली आणि पाच मिनिटांत गाडी हलली. मी खाली फलाटावर उभी होते आणि तेव्हासुद्धा मला वच्छलाबाईंचा हेवा वाटला. हे मला का सुचलं नाही? सुचलं असतं तरी मी चढले असते का? खरं उत्तर मला माहीत आहे.

चाचांनी आम्हाला मोंढ्याच्या कोपऱ्यावर आणून सोडलं. दत्तजयंतीला मी प्रसाद घेऊन स्टेशनवरच्या रिक्षांपाशी गेले, दोनदा गेले, पण तसं कुणी तिथे असतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या दत्तसंप्रदायात अशा वेळी माणसं लगेच हात जोडून काहीबाही म्हणतात. मी काही म्हणत नाही. घरी परतले तेव्हा दिवा विझला होता. तो पुन्हा लावला आणि राहिलेलं वाचन संध्याकाळपर्यंत पूर्ण केलं. पारायण मोडलं की नाही, हे मी कुठल्याच गुरुजींना विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी विहारात गेले. पोरी आधी बुद्धवंदना म्हणतात, मग अभ्यास करतात. मी अवघडून उभी होते, तर मनीषा कानाशी येऊन म्हणाली, "बाई, नुस्तं हात जोडा." त्या दीड महिन्यात वच्छलाबाईंचं खरं काम मला कळलं. पोरींनीच सांगितलं की त्या रोज सकाळी कामावर जाताना एकेकीच्या दारात जाऊन उभ्या राहतात, आणि पोरगी दप्तर घेऊन बाहेर येईपर्यंत हलत नाहीत. कुणाची आई चिडली तर तिची घागर उचलून नळावर जातात. मी चांगलं गणित शिकवत होते, पण कुणाच्या दारात कधी उभी राहिले नव्हते. आता राहायला लागले. पहिल्या दिवशी एका बापाने हाकलून दिलं. तिसऱ्या दिवशी त्यानेच चहा दिला. आणि पोरी मात्र रोज विचारायच्या, वच्छलाबाई कधी येणार? रोज मला टोचायचं.

बाळबाळंतीण सुखरूप आहेत असा निरोप आला आणि जानेवारी सरता सरता वच्छलाबाई परत आल्या. गणिताच्या पेपराला आम्ही दोघी मनीषाबरोबर परीक्षा केंद्रावर गेलो. फाटकाशी ती आधी त्यांच्या पाया पडली, मग माझ्या. पोटात जुनी कळ आलीच. गुरुकृपेने माझा स्वभाव धुऊन निघाला असं मी खोटं लिहिणार नाही. शरण जाणं म्हणजे मन स्वच्छ होण्याची वाट बघत बसणं नव्हे, एवढं मला त्या सकाळी शिकायला मिळालं. आहे त्या काळ्या मनाने उठायचं आणि हाक आली तिकडे जायचं. पुढचं तो बघतो, आणि बहुधा ज्याच्यावर आपण जळतो त्याच्याच हातून बघतो.

घंटा झाली. पोरगी आत दिसेनाशी झाली. वच्छलाबाईंनी माझा हात घट्ट धरला. "बाई," त्या म्हणाल्या, "आमच्यात देवाला मागणं नसतंय. पर आज जीव लय घाबरा झालाय. तुमी मागा की तेवढं, तिच्यासाठी."

मी डोळे मिटले आणि मनीषासाठी मागितलं. मग, त्यांना न सांगता, त्यांच्यासाठीही मागितलं. त्यांचा विहार पोरींनी भरलेला राहू दे म्हणाले.