लाल गाडीतली प्लेट

सुपरवायझर बाईंनी कपाटातून ती लाल गाडी काढून टेबलावर ठेवली, तेव्हा मला वाटलं त्यांच्या घरच्या कोणाची तरी असेल, दुरुस्तीला आणली असेल. हातभर लांब, प्लॅस्टिकची, मागची चाकं पुढच्यांपेक्षा जाड. बाईंनी वरचं कवच उचललं आणि आत आमची सर्किटची प्लेट दिसली. दोन वर्षं मी रोज जिच्यावर सोल्डर मारत होते तीच, कोपऱ्यात पिवळा कपॅसिटर असलेली.

"ही गाडी कोणाची?" मी विचारलं.

"कोणाची म्हणजे? आपण हेच तर बनवतो," बाई म्हणाल्या. "तिकडे परदेशात पोरं खेळतात. मोठी माणसंपण खेळतात म्हणे."

दोन वर्षं मी आणि माझ्या लाइनीतल्या तीस जणी समजून चाललो होतो की आम्ही विमानाचे रेडिओ बनवतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. कारखाना अंधेरीला, कुंपणाच्या आत. तिथला सगळा माल परदेशी जायचा, गेटवर येता-जाता आमच्या पर्स आणि डबे तपासायचे, आणि नापास झालेली प्लेटसुद्धा बाहेर जायची नाही. हातोडीनं फोडून टाकायचे. आत आल्यावर प्रत्येकीनं आपापले सात-आठ पार्ट लावायचे आणि प्लेट पुढे सरकवायची. प्लेटचं पुढे काय होतं हे विचारायची पद्धतच नव्हती. पहिल्या दिवशी साहेबांनी एवढंच सांगितलं होतं की एक जोड कच्चा राहिला की कंट्रोल गेला, आणि कंट्रोल गेला की सगळ्याचा चक्काचूर. त्यात खोक्यांवर विमानाचं चित्र असलेलं लेबल. एका वायरीच्या चिठ्ठीवर थ्रॉटल असं छापलेलं असायचं. लाइनीतल्या एकीचा भाऊ सांताक्रूझच्या विमानतळावर हमाल होता, त्यानं सांगितलं की थ्रॉटल म्हणजे वेग कमी-जास्त करायचा दांडा, तो विमानात असतो. झालं! आता हसू येतं, माल विमानानं जातो म्हणून खोक्यावर विमान, एवढं साधं आम्हां मॅट्रिक पास बायांच्या डोक्यात येऊ नये? पण खरं सांगायचं तर आम्हाला ते यायला नकोच होतं. दिवसभर मान मोडून, धुरानं डोळे चुरचुरत काम करणाऱ्या बाईला ते विमानासाठी आहे असं वाटलं तर मान जरा कमी दुखते.

आम्ही घाटकोपरला राहायचो, डोंगराच्या उतारावरच्या चाळीत. बाबा परळच्या गिरणीतून नुकतेच निवृत्त झाले होते. मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात आईनं विमानाची बातमी नळावर नेली आणि मग काय विचारता. शेजारची काकू येईल त्याला सांगायची, हिच्या हातात शंभर-शंभर माणसांचे जीव आहेत. मला तर आकाश ठेंगणं झालं होतं. मी मान ताठ करून चालायचे, आणि कोणी विचारलं की त्यातलं सगळं कळत असल्यासारखी उत्तरं द्यायचे.

बाबा मात्र काही बोलायचे नाहीत. सांताक्रूझला उतरणारी विमानं आमच्या चाळीवरूनच जायची, इतकी खालून की पत्रे थरथरायचे. आवाज आला की बाबा हातातलं टाकून गॅलरीत यायचे आणि विमान पार पश्चिमेला उतरून आवाज थांबेपर्यंत मान वर करून उभे राहायचे. जेवत असले तरी उठायचे. मला वाटायचं, लेकीचा अभिमान. माझ्या बाबांना तोंडानं कौतुक करता येत नाही, ते असं उभं राहून करतात, असं मी लाइनीतल्या मैत्रिणींना सांगितलंही होतं. रोज संध्याकाळी चप्पल काढायच्या आत ते विचारायचे, "आज हात थरथरूक नाय मां?" ताप असला तर कामावर जाऊ द्यायचे नाहीत. एकदा तर मला डोळे तपासायला ओढून नेलं, डॉक्टरनं नंबर नाही म्हटल्यावर दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. मी चिडायचे. माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावरच असायचा. मी काय कुक्कुलं बाळ आहे का, असं त्यांना तोंडावर विचारलेलं मला आठवतं.

तर अशी मी, बढती मिळून टेस्टिंगच्या खोलीत आले, आणि पहिल्याच सकाळी समोर लाल गाडी. डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात, माझा तर उंदीरही चाकांवरचा निघाला. आधी धक्का, मग लाज, आणि मग सणसणीत राग आला. खोलीत मढची एक कोळीण होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, रोज होडीनं खाडी ओलांडून यायची. तिला मी विचारलं, तुला किती दिवसांपासून माहीत आहे. वर्षभर, ती म्हणाली. मग लाइनीत सांगितलं का नाहीस?

"सांगून काय व्हनार? उद्या सगल्या हलक्या हातानं काम करतील," ती म्हणाली. "विमान हाय म्हनून जोड पक्के लागतात गो."

हे मला इतकं पटलं की मीही तोंडाला कुलूप लावलं. लाइनीत नाही सांगितलं आणि घरी तर नाहीच नाही. गॅलरीत मान वर करून उभ्या असलेल्या माणसाला, बाबा, ते विमान माझं नाही, माझं खेळणं आहे, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यांचा एवढा एकच अभिमान, तोही मीच दिलेला. तो काढून घ्यायला माझी जीभ रेटेना. उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत महिने गेले.

काम मात्र मला आवडायला लागलं, हे कबूल करायला हवं. लाइनीत मी फक्त सोल्डर मारत होते. इथे निवड करायची होती. ज्या डब्याची बटणं दाबून लांबून गाडी चालवायची त्यातला क्रिस्टल, म्हणजे रेडिओची लहर ठरवणारा तुकडा, आणि गाडीतला क्रिस्टल एकमेकांशी जुळणारे हवेत, नाहीतर तुम्ही बटण दाबा नाहीतर देवाला नारळ फोडा, गाडी जागची हलत नाही. चाकं वळवणारी छोटी मोटर वेगळी, वेग कमी-जास्त करणारी वेगळी. गाडी पळवणारी मोठी मोटर फिरताना ठिणग्या पाडते आणि त्या ठिणग्यांचा गोंगाट रिसीव्हरला, म्हणजे डब्याचा सिग्नल पकडणाऱ्या आमच्या प्लेटला, ऐकू जातो, म्हणून तिच्या टोकांना कपॅसिटर लावायचे आणि रिसीव्हरचे सेल तिच्या बॅटरीपासून वेगळे ठेवायचे. मी जोडलेली पहिली गाडी पिसाळल्यासारखी स्वतःभोवती फिरली. तासभर मला कळेना. शेवटी कोळिणीनं दाखवलं की मी एरियलची वायर नीटनेटकी दिसावी म्हणून मोटरच्या वायरीबरोबर गुंडाळून बांधली होती. आमच्या घरच्या नीटनेटकेपणाच्या सवयीनं अशी वाट लावली.

मग सत्यनारायण आला. कारखान्यात दरवर्षी पूजा व्हायची, मशीनना हार घालायचे, घरच्यांना बोलवायचे, शिऱ्याचा प्रसाद. त्या वर्षी साहेबांच्या मनात आलं की एकदा सगळ्यांना कळू दे आपण काय बनवतो, पूजेनंतर कँटीनमध्ये गाडी चालवून दाखवू. आणि गाडी तयार करायचं काम माझ्यावर टाकलं.

घरी मी सांगितलं की या वर्षी फक्त बायकांना बोलावलंय. आईनं विश्वास ठेवला, पण बाबा म्हणाले, देवाच्या पूजेला कसली बायका-पुरुषांची रांग, मी येतो. आजवर ते कधी माझ्या कारखान्याकडे फिरकले नव्हते. इस्त्रीचा सदरा त्यांनी दोन दिवस आधीच काढून ठेवला.

आदल्या दिवशी मी गाडी जोडायला बसले तेव्हा माझ्या मनात काय होतं ते आज लिहितानाही अंगावर काटा येतो. एक जोड कच्चा ठेवायचा. बस, एकच. मोठ्या मोटरची लाल वायर नुसती टेकवायची, गाडी हलणार नाही, साहेब चिडतील, प्रसाद वाटून लोक घरी जातील. सोल्डरची तार हातात धरून मी किती वेळ बसले होते कोण जाणे. शेवटी हातानं जोड पक्काच केला. दोन वर्षं माणसांचे जीव समजून जोड लावणाऱ्या हाताला कच्चा जोड लावताच येईना. मी क्रिस्टल दोनदा जुळवून पाहिले, एरियल मोटरपासून लांबून नेली, आणि मुकाट्यानं कवच बसवलं.

दुसऱ्या दिवशी आरती झाली, प्रसाद झाला, आणि कँटीनची बाकं भिंतीला लावून गाडी मधोमध ठेवली. साहेबांनी चार वाक्यांत सांगितलं की आपल्या मुली जे बनवतात ते या गाडीत बसतं, आणि डबा माझ्या हातात दिला. माझ्या लाइनीतल्या बायांचे चेहरे मी पाहिलेच नाहीत, मी फक्त बाबांकडे पाहत होते. गाडी सुटली. टेबलांच्या पायांमधून वळली, मागे आली, पोरं किंचाळत तिच्यामागे धावली. बाबा भिंतीशी उभे होते, हातात प्रसादाचा द्रोण. ते नुसते गाडीकडेच बघत नव्हते. ते माझ्या हातातल्या डब्याकडे बघत होते, मग गाडीकडे, मग परत माझ्याकडे. मग त्यांनी द्रोण बाकावर ठेवला आणि बाहेर निघून गेले.

मी डबा कोळिणीकडे दिला आणि धावले. ते गेटच्या बाहेर बसस्टॉपवर बसले होते. मी शेजारी बसले. आता रागावतील, नाहीतर गप्प राहतील, आणि गप्प राहणं जास्त वाईट, असं मी मनाशी म्हणत होते.

"म्हणजे तुझी प्लेट ह्या गाडयेत घालतत?" त्यांनी विचारलं. "विमानात नाय?"

"नाही, बाबा."

"म्हणजे जोड सुटलो तरी कोण मरूचो नाय?"

मी नाही म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतायत, आणि ते रडतच होते, पण असा मोकळा झालेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या आईलाही माहीत नव्हतं. गिरणीत तरुण असताना त्यांनी एका मशीनचा पट्टा चढवला होता, घाईत होते, तो ढिला राहिला. तो निसटून शेजारच्या साच्यावरच्या, म्हणजे मागावरच्या, माणसाला लागला. त्या माणसाचा हात गेला आणि तो गावी निघून गेला. पट्टा कोणी चढवला हे कोणी विचारलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही. आणि मग एक दिवस त्यांची मुलगी घरी येऊन सांगते की शंभर माणसं तिच्या जोडावर लटकलेली असतात. म्हणून ते उठायचे. प्रत्येक विमान खाली टेकेपर्यंत ते गॅलरीत उभे राहून, पडू नको, पडू नको, असं म्हणत असत. रात्रीचं विमान गेलं की पुढच्या विमानाची वाट पाहत पडून राहायचे.

दोन वर्षं मी ज्याला अभिमान समजत होते, जो मैत्रिणींना सांगून मिरवत होते, ते हे होतं.

समोरून आमची बस आली आणि गेली, आम्ही उठलो नाही. बाबांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, जरा हसलेसुद्धा, गाडी बरी पळते म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं.

"तुका कधी कळला?"

खोटं बोलायला हवं होतं. आज सकाळीच, असं म्हणायला हवं होतं. पण त्या क्षणी मला खोटं सुचलंच नाही.

"चार महिने झाले, बाबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता त्या बघण्यात, असता तर बरं झालं असतं.

"तेव्हाच सांगलं असतंस," ते म्हणाले, "तर चार म्हयने तरी मी निजलो असतंय गो."