शेवंताचं निळं दार

धुळ्यात पांझरा नदीच्या जुन्या घाटाकडे उतरणाऱ्या बोळात भिकुबाई आणि शेवंताबाई यांची घरं समोरासमोर. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आल्या, चाळीस वर्षं घाटाच्या त्याच पायऱ्यांवर धुणं आपटत राहिल्या. शेवंताची पोर लग्न होऊन जामनेरला गेली, घरात कमावतं कोणी उरलं नाही, म्हणून तिचं सासऱ्याच्या वेळचं सागवानी दार तसंच राहिलं, निळ्या रंगाचे पोपडे धरलेलं. भिकुबाईच्या मुलानं, समाधाननं, मात्र लोखंडी दार बसवलं, भिंतीला टाइल्स लावल्या. तेव्हा भिकुबाईनं अख्ख्या बोळात पेढे वाटले होते.

मग दर रविवारी फोटोवाले येऊ लागले. प्रेमराज नावाचे चित्रकलेचे मास्तर, आणि मागे कॅमेरे लटकवलेली कॉलेजची मुलं. घाट, दगडी पायऱ्या, कोरीव तुळया, सगळं टिपायचे. पण शेवंताच्या दाराशी आले की हलायचेच नाहीत. "अक्का, जरा इकडे बघा." टाइल्सकडे कोणी ढुंकूनही पाहीना. एकदा भिकुबाई मुद्दाम सूप घेऊन ओट्यावर बसली, तर एक मुलगी म्हणाली, "मावशी, थोडं सरकता? तुमची सावली पडतेय दारावर."

ते तिला जिव्हारी लागलं.

पुढच्या रविवारी तिनं त्यांना बोळाच्या तोंडाशीच गाठलं. "शेवंता घर नही. जामनेरले गयी, पोरना घर. चला, घाट मी दखाडस."

मागच्या वाटेनं नेलं. पुराचं पाणी कुठवर चढलं होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवलं, बैल बांधायच्या लोखंडी कड्या दाखवल्या. दहा माणसं तिचा शब्द झेलत होती. शेवटी तिला पायरीवर बसवून फोटोही काढले.

दुपारी ती तरंगतच परतली. शेवंता दारात बसलेली. हिरवं लुगडं, केसांना तेल. "आज फोटोवाला उनात नही का वं?"

"नही उनात," कोणी आलंच नाही असं सांगून भिकुबाई आत गेली. ताटातली भाकरी तिनं परत टोपल्यात ठेवली.

पुढं महिनाभर कोणी फिरकलं नाही, मग मास्तर प्रदर्शनाचं आमंत्रण घेऊन आले. दोघी शेवंताच्या ओट्यावर गहू निवडत होत्या. "अरे अक्का, जामनेरहून कधी आल्या?"

भिकुबाईनं मान सुपात घातली. शेवंतानं तिच्याकडे एकदाच पाहिलं. "कालच उनू," ती मास्तरांना म्हणाली. "पोर सोडेच ना."

मास्तर गेले. शिव्या खायची तयारी करून भिकुबाई बसून राहिली. शेवंतानं सुपातला खडा काढून फेकला. "तुन्हा फोटो काढात का?"

"काढात."

"बरं झायं."

शेवंताच्या दाराचे फोटो निघतात, हे एक वेळ भिकुबाईनं गिळलं असतं. पण असं 'बरं झायं' म्हणायचं आपल्याला कधी जमलं नसतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि त्याचीच आग जास्त होती.

रविवारी बोळात पावलं वाजली. "शेवंता, उनात वं फोटोवाला!" तिनंच हाक मारली, आणि आत जाऊन लोखंडी दार लावून घेतलं.