बाटलीतलं उरलेलं पाणी

शाळा सुटायची घंटा झाली की माझ्या पहिलीच्या वर्गातली मुलं बाटलीत उरलेलं पाणी आपापल्या झाडाला घालतात. पाणी वाया घालवू नये हे मुलांच्या हाताला कळावं म्हणून मीच ही पद्धत सुरू केली आणि तिच्यावर भलतीच खूश होते. काल मुक्ताची बाटली मात्र काठोकाठ भरलेली दिसली. ओठ सुकलेले, पण चेहरा शर्यत जिंकल्यासारखा.

"दिवसभर पाणी प्यायली नाहीस?" मी विचारलं.

"मी प्यायले तर जास्वंदीला काय उरेल, बाई?"

मला हसू आलं आणि स्वतःचा थोडा रागही आला. उरलेलं द्यायचं, हे मीच शिकवलं होतं. आपण मोठी माणसं तरी दुसरं काय देतो? न होणारे कपडे, कालची पोळी. या पोरीला उरेपर्यंत थांबणं ठाऊकच नव्हतं.

मी तिला झाडापाशी बसवलं आणि म्हटलं, "आधी अर्धं तू पी, मग अर्धं तिला."

मुक्ता गटागटा प्यायली, बाटली डोळ्यांसमोर धरून अर्धं नीट मोजलं आणि बाकीचं जास्वंदीला घातलं. मग तिच्या पानावर हात ठेवून हळूच म्हणाली, "उद्या तू आधी."