शालिग्रामकाकांचा डावा हात

रविवारी सकाळी ऋजुतानं बटण दाबलं, तसा कॉम्प्युटरचा पंखा अर्धा वळसा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा अर्धाच वळसा.

एकेक भाग इंदूरहून आणून तिनं तो स्वतः जोडला होता. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या मुलीनं. पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पुस्तकाची पानं लावायचं काम मिळालं होतं. सोमवारी दुपारपर्यंत पहिली सोळा पानं गेली नाहीत, तर काम दुसऱ्याला जाणार होतं. आणि दुकानदारानं आधीच बजावलं होतं, जळलेला बोर्ड परत घेत नाही, मॅडम.

मदरबोर्डच जळला, असं तिनं धरलं होतं. कसा जळला, हेही तिला ठाऊक होतं. जानेवारीची कोरडी थंडी, अंगात नायलॉनचा स्वेटर. जोडताना बोटातून दोनदा चट्ट झालं होतं. अंगावरची वीज बोर्डात शिरली आणि तो मेला. तिनंच मारला.

"शालिग्रामला बोलाव," अक्का म्हणाली. अक्का तिच्या वडिलांची थोरली बहीण.

"त्यांनी कधी कॉम्प्युटर उघडलाय का, अक्का?"

"विजेचंच आहे ना ते? मग!"

शालिग्रामकाका पलीकडच्या गल्लीत राहत. देवासच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. त्यांचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर तलवारींना धार लावायला माळव्यात आले. तलवारी केव्हाच गेल्या, पण काका अजून पकडीला आणि पेचकसाला हत्यारच म्हणत. बाराच्या बसनं त्यांना खातेगावला लेकीकडे जायचं होतं. पिशवी खांद्याला लावूनच ते आले.

आधी वाकून कॅबिनेटचा वास घेतला.

"जळका वास नाही. काळा डाग नाही, फुगलेलं काही नाही. रडतेस कशाला, बेटा?"

"मी मारला तो, काका. स्वेटरमुळे."

"असेलही. पण आधीच कबूल कशाला होतेस? पंखा हलतो म्हणालीस ना?"

"अर्धा वळसा."

"मग सप्लाय जिवंत आहे. ती वीज सोडते, पुढं काही गडबड दिसली की हात आखडून घेते. कुठंतरी शॉर्ट असणार." पिशवी त्यांनी खुंटीला अडकवली. "स्वेटर काढ. ते उघडं लोखंड आहे ना, रंग नसलेलं, त्याला हात लाव. अंगातलं जे असेल ते तिथं जाऊ दे. आणि सगळं बाहेर काढ."

"सगळं?"

"कारखान्यात लाइन उडाली की आम्ही सगळ्या मशिनी लाइनपासून तोडायचो. मग एकेक जोडायची. जिच्यावर उडेल ती चोर. सोपं आहे. वेळ लागतो फक्त."

बारा वाजून गेले. बसचं नाव कुणी काढलं नाही. बोर्ड ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला होता, त्याच खोक्यावर तो ठेवला. वर प्रोसेसर आणि त्याचा पंखा, एकच रॅम, सप्लाय आणि पडद्याची वायर. बाकी काही नाही. बोर्डाची पुस्तिका ऋजुतानं वाचली, कारण काकांना इंग्रजी येत नव्हतं. बटणाची वायर जिथं लागते, त्या दोन पिना तिनं दाखवल्या. काकांनी डावा हात पाठीशी नेला आणि उजव्या हातातला पेचकस पुढं केला.

"हात मागं का, काका?"

"सवय. चालू लाइनपाशी दोन हात नेले की करंट छातीतून जातो. इथं तेवढी ताकद नाही, पण हाताला ते कोण समजावणार?"

पेचकस दोन्ही पिनांना एकदम टेकला. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर उघडणाऱ्या माणसानं दोन तासांत चोर घरात कोंडला होता. बोर्ड निर्दोष. तीही निर्दोष. आता संशय उरला होता सुट्या भागांवर आणि रिकाम्या कॅबिनेटवर.

तिनं ते उचलून आडवं केलं. आत काहीतरी घरंगळलं आणि खण्णकन फरशीवर पडलं. एक रुपयाचं नाणं होतं. त्यावर वाळलेलं कुंकू.

ऋजुतानं अक्काकडे पाहिलं.

"तो माझा," अक्का म्हणाली. "काल तू जेवायला बसलीस तेव्हा बोर्डामागं सरकवला. नवी वस्तू, शकुनाचा म्हणून. घराच्या पायात पुरतात तसा." तिचा आवाज बारीक झाला. "म्हणजे मीच गं..."

बोर्ड ज्यावर बसतो, त्या पितळी खुंटाला टेकून नाणं तिरकं अडकलं असणार. त्याची कड बोर्डामागच्या डाख दिलेल्या टोकांना लागत असणार. ऋजुताला राग यायला हवा होता. पण तिच्याआधी काका हसले.

"अक्का, आमच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरनं तर पॅनलमध्ये लिंबू टांगलं होतं! रस गळला आणि अर्धा कारखाना अंधारात. तुमचं तर काहीच नाही. सप्लाय शहाणी निघाली, वेळेवर हात काढून घेतला तिनं."

त्यांनी नाणं धोतरानं पुसलं नाही. कुंकवासकट उचललं आणि मेजाच्या लाकडावर, कॅबिनेटपासून वीतभर लांब, चिकटपट्टीनं चिकटवलं.

"शकुन इथूनही पोचतो. लाकडातून करंट जात नाही, आशीर्वाद जातो."

"शालिग्राम, चहा घेशील?" अक्कानं डोळे पुसत विचारलं.

"बस तर गेलीच. आता पोहे पण चालतील."

संध्याकाळपर्यंत दोघांनी एकेक भाग पुन्हा बसवला. दरवेळी बटण बंद, मग लोखंडाला हात, मग काम. सोमवारी दुपारी दीड वाजता सोळा पानं पुण्याला गेली. दोनला प्रकाशकाचा निरोप आला, पुढची सोळा पाठवतो आहे.

ऋजुता धावतच पलीकडच्या गल्लीत गेली. काका पिशवी घेऊन दारातच उभे होते. आज तरी दुपारची बस गाठायची होती. ती पाया पडायला वाकली. बोटं त्यांच्या पायाला लागली आणि चट्ट झालं. स्वेटर पुन्हा अंगात होता.

काका दचकून मागं सरले. मग त्यांनी दाराच्या लोखंडी जाळीकडे बोट केलं.

"आधी लोखंड, बेटा. मग पाय."

तिनं जाळीला हात लावला आणि पुन्हा वाकली. या वेळी काकांनी दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले. डावासुद्धा.