मधल्या पानांची आत्या

माझी आत्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत जुनी पुस्तकं बांधायची. चाळीस वर्षं. तिच्याइतकी माहिती असलेली बाई मी पाहिली नाही, आणि इतकी अर्धवट माहिती असलेलीही नाही. त्याला कारण होतं. पुस्तक शिवताना सोळा पानांची घडी बरोबर मध्यावर उघडावी लागते, दोरा तिथूनच जातो. आत्या दोरा ओढता ओढता समोर आलेली ती दोन पानं वाचून काढायची. मग बोट जिभेला लावायचं आणि पुढची घडी. त्यामुळे ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे तिला ठाऊक, पण तीन कशाला लागतात ते पुढच्या पानावर राहिलेलं. आम्ही घरात तिला 'मधलं पान' म्हणायचो आणि तिलाही ते आवडायचं.

तिच्या नखांवर आडव्या पांढऱ्या रेषा होत्या. "चिकटवायच्या खळीनं होतं रे," ती म्हणायची. आम्हाला ते पटायचं.

एकदा तिनं रंगांच्या इतिहासाचं पुस्तक शिवलं. मी भेटायला गेलो तर खुशीत होती. "अरे, दोनशे वर्षांपूर्वी एक हिरवा रंग निघाला. लोक नुसते वेडे झाले होते. भिंतींचे कागद हिरवे, बायकांचे झगे हिरवे, पुस्तकांचे पुठ्ठे हिरवे. आपल्याकडची ती जुनी हिरवी पुस्तकं, तीच ही. म्हटलं ना तुला, हे कापड टाकायचं नसतं."

खरंच टाकत नव्हती. फाटकी जुनी वेष्टणं काढून नवी चढवायची आणि हिरव्या कापडाचे धड तुकडे पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायची. कापताना हिरवी भुकटी बोटांना लागायची. त्याच तुकड्यांतून तिनं तीन वर्षांच्या नातीला एक छोटी वही बांधून दिली होती. पोरगी ती वही घेऊन झोपायची.

मी ते पुस्तक घरी आणलं. आत्यानं सांगितलेलं पान सापडलं. मी पान उलटलं.

त्या रंगात आर्सेनिक होतं. सोमल. झगे शिवणाऱ्या मुलींच्या हातांना जखमा झाल्या, कापडी फुलांवर रंग चढवणाऱ्या मेल्या. आत्यानं हेच पुस्तक घडीघडीतून दोरा ओवून शिवलं होतं, आणि हे पान मात्र तिच्यासमोर उघडलं नव्हतं.

मी पळतच तिच्या घरी गेलो. नात जमिनीवर बसली होती आणि वहीचा कोपरा तिच्या तोंडात होता.

मी वही हिसकावली. पोरीनं भोकाड पसरलं. आत्या ओरडली, "अरे, वेड लागलं का तुला?" मी एका दमात सगळं सांगितलं. ती पोरीचं तोंड पदरानं पुसत सुटली. "मी दिली रे," एवढंच म्हणत राहिली. "माझ्या हातानं दिली."

दवाखान्यात पोरीची रक्त-लघवी तपासून घेतली. पाच दिवस आत्या नीट जेवली नाही, मीही नाही. सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुलगी ठीक आहे. वही नवी होती, थोडक्यात निभावलं." आत्यानं डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी तिचा पदर धरलेला हात आपल्या हातात घेतला. मुलीकडे नाही, आत्याच्या नखांकडे बघत विचारलं, "या रेषा कधीपासून आहेत?"

"झाली बरीच वर्षं. खळीनं होतं," आत्या म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा आणखी एक कागद लिहिला, आत्याच्या नावाचा.

बाहेर बाकावर आत्या तो कागद उलटायला गेली आणि बोट सवयीनं जिभेकडे गेलं. मी तिचं मनगट धरलं. तिनं आधी त्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं होतं.

"नखांचं काही लिहिलंय का रे, त्या पुस्तकात, पुढच्या पानांवर?"

ते मी वाचलं होतं. "पुढची पानं फाटलीत, आत्या," मी म्हणालो.

ते पुस्तक तिनंच शिवलं होतं. तिनं मान हलवली आणि माझ्या हातावर हात ठेवला.