बगलेतला अंडा

माणूस मेलं की बाकीच्यांना एकाएकी शहाणपण सुचतं. माझी बुढी, म्हणजे बायको, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलांच्या दिवसांत गेली. तेव्हापासून जो येतो तो एकच सांगतो, "मन रमवा." जसं काही मन म्हणजे शेजारचं पोट्टं, मुठीत गूळ-शेंगदाणे दिले की रमून जाते. असल्या लोकांना मी चहा पाजतो आणि वाटेला लावतो.

शाळेचे गुरुजी आले तेही हेच घेऊन. "बाबाजी, मुलांना जादू दाखवा. तुमचंही मन रमेल." नाहीच म्हणणार होतो. पण समोर खुंटीवर जादूची थैली लटकत होती. तिच्याकडे पाहून हो म्हणालो.

जन्मभर मी जंगल डेपोत लाकडं उचलली. जादू हा काही माझा धंदा नव्हे. नागभीडच्या बाजारात एक फिरता जादूगार यायचा, त्याच्याजवळ बसून बसून थोडं उचललं. दोरीची गाठ, पाण्याचा गिलास आणि अंड्याची थैली. एवढ्यावर माझं भागलं. आता शहरातून जादूगार येतात ते कोट घालून, धूर सोडून, कानठळ्या बसवणारं गाणं लावून. त्यांची अर्धी जादू त्या गाण्याच्या डब्ब्यातच असते. आणि काही बाबा लोक असतात, ते हातातून भस्म काढतात आणि पाया पडून घेतात. मी अंडा काढतो आणि शिव्या खातो. दोघांत प्रामाणिक कोण, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

थैली बुढीनं शिवली. काळ्या अस्तराचं कापड, काळा दोरा. थैलीच्या आत एका बाजूला दुसरी भिंत आहे. ती वरून शिवलेली, खालून मोकळी. थैली उलटी केली की अंडा त्या दोन भिंतींच्या मधात घसरतो आणि अडकून बसतो. थैली उलटी करा, झटका, आतली बाजू बाहेर काढा, काही दिसत नाही. अंडा लाकडाचा, चुन्यानं रंगवलेला. झाली जादू. यात देव नाही की सैतान नाही. शिवण आहे.

पण एवढ्यानं पोट्टे फसत नाहीत. त्यांचं लक्ष थैलीवरून हटवावं लागते. ते काम बुढीचं. ती बायांच्या मधात, मला ओळखत नसल्यासारखी बसायची. अंडा गायब झाला की तिथूनच ओरडायची, "ए बुढ्या, बगलेत दडवला ना? हात वर कर." मग साऱ्या पोट्ट्यांना चेव यायचा. बगलेत आहे, बगलेत आहे. मी एक हात वर करायचो, त्यांना दुसरा हवा असायचा. दुसरा वर केला की म्हणायचे, शर्ट काढा. माझ्या बगलेची गावात जेवढी तपासणी झाली तेवढी एखाद्या चोराची पोलिसांनी केली नसेल. आणि थैली बिचारी सगळ्यांसमोर लटकत असायची, तिच्याकडे कुत्रं पाहत नसे.

हे गुपित आम्हा दोघांचं होतं. बुढीनं पोटच्या पोराला सांगितलं नाही.

तर शाळेत गेलो. गुरुजींनी पोट्ट्यांना रांगेत बसवून ठेवलं होतं, तोंडावर बोट. याला ते शिस्त म्हणतात. मी म्हणतो याला मुर्दाडपणा. जादू पाहणाऱ्यानं शिव्या दिल्या पाहिजेत, खोटारडा म्हटलं पाहिजे. तोंडावर बोट ठेवून फक्त भाषण ऐकता येते.

दोरीची गाठ दाखवली, चूप. गिलास दाखवला, चूप. मग थैली काढली. अंडा आत टाकला, थैली उलटी केली.

टक.

अंडा फरशीवर पडला आणि घरंगळत पहिल्या रांगेत गेला. मला वाटलं, हात म्हातारा झाला. पुन्हा टाकला, पुन्हा पडला. पुढं बसलेली एक पोरगी तोंडावरचं बोट काढून म्हणाली, "बाबा, तो तं पडूनच राह्यला."

मी थैलीत हात घातला. खालची मोकळी बाजू शिवून टाकलेली होती. दाट, पक्की शिवण.

गुरुजी धावून आले. "मुलांनो, बाबाजींसाठी जोरदार टाळ्या." पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात मी शिव्या खाल्ल्या, दगड खाल्ला एकदा, पण असल्या दयेच्या टाळ्या पहिल्यांदा खाल्ल्या. अंडा खिशात घातला आणि घरी आलो.

सून ओसरीत तांदूळ निवडत होती.

"थैली कोणं शिवली वं?"

"मीच शिवली, मामाजी. आत्याबाईच्या जलदानाच्या विधीआधी सारं घर धुतलं ना, तवा दिसली. आतून हातभर उसवली होती."

"उसवली नव्हती."

"उसवली होती जी. आत्याबाईले शेवटी दिसत नव्हतं. राहून गेलं असन म्हणून मी शिवून टाकली."

रागवायचं तर का रागवतो ते सांगावं लागते. सांगितलं तर गुपित गेलं. आणि तिची चूक तरी काय, फाटकं दिसलं की शिवायचं, हेच आमच्या घरात शिकवलं. शिकवलं तेही बुढीनंच.

दाढीचं ब्लेड घेऊन दारात उजेडाला बसलो. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा त्याच्याच वाटेवर. सुनेची शिवण मोकळ्या काठाला बुढीनं घातलेल्या टाक्यांवरून गेलेली. कोणता दोरा कोणाचा, कळेना. ब्लेड चुकलं तर बुढीचा टाका जाईल. घरात बुढीचे लुगडे आहेत, तिची खाट आहे, पण ते काही तिनं केलेलं नाही. तिच्या हातचं एवढंच उरलं. मग ब्लेड खाली ठेवलं.

"इकडे ये," मी म्हणालो. "तू कोणत्या दोऱ्यानं शिवली?"

"निळ्या. काळा संपला होता."

"निळा तेवढा काढ. काळ्याले धक्का लागला तं पाह्य."

तिनं सुई घेतली आणि एकेक निळा टाका उचलून काढला. चांगलं काम केलं, हे मी तिला सांगितलं नाही. काळा दोरा जसाच्या तसा राहिला. मी बोट फिरवून पाहिलं.

"पण फाटकं काऊन ठेवता जी?"

आता लपवून काय उपयोग. खिशातून अंडा काढला, थैलीत टाकला, उलटी केली. काही पडलं नाही. आतली बाजू बाहेर काढली. काही नाही. मग सुलटी केली, हात घालून अंडा काढला आणि तिच्या ओंजळीत टाकला. तिनं थैलीत हात घालून ती दुसरी भिंत चाचपली, कितीतरी वेळ.

"म्हणजे बगलेत नसते?"

"नाई."

"आत्याबाई तं म्हणत..."

"बुढी खोटं बोले. साऱ्या गावासंग."

"माय वं. माझ्या लग्नात माझ्या भावानं तुमचा शर्ट काढायले लावला होता." ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. या घरात पावसाळाभर कोणी हसलं नव्हतं. हसून झाल्यावर म्हणाली, "मंग आता ओरडन कोण?"

"तुले येते का खोटं बोलता?"

तिनं पदर सारखा केला आणि शाळेतली कविता म्हणावी तसं म्हणाली, "मामाजी, अंडा बगलेत दडवला काय जी? हात वर करा."

"असं कोण म्हणते? मामाजी म्हणशीन तं पोट्टे मले पाणी आणून देतीन. जराशी शिवी दिल्यावाणी म्हण."

"सासऱ्याले?"

"बुढीनं नवऱ्याले म्हटलं ना."

तिनं रस्त्याकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग तांदळाचं सूप बाजूला सारलं आणि शेजारच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडली,

"ए बुढ्या, हात वर कर."

मी हात वर केला.